न सांडणारं तेजाब

अनसिंगच्या चावडीत रेडिओ आला, तेव्हा तो सांभाळायचं काम उकंडरावानं आपणहून मागून घेतलं. गावात वीज नव्हती. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी उतरली की ती वाशीमला रामकिसनच्या दुकानातून भरून आणावी लागायची. उकंडरावाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, बाजारासाठी वाशीमला जायचीच. शिवाय संध्याकाळी सगळं गाव चावडीसमोर बसलेलं असताना रेडिओचा कान पिळायचा मान त्याला आवडायचा. एरवी तो फार बोलणारा माणूस नव्हता. पण शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला आणि कोणी मध्येच खोकलं, तर तो वळून असा पाहायचा की खोकणारा उठून बाहेर जायचा.

त्याची बायको कस्तुराबाई. दोघांना मूलबाळ झालं नाही, पण घर कधी रिकामं नव्हतं. उकंडरावाची आई गेली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ इंद्रभान रांगत होता. त्याला कस्तुराबाईनं वाढवलं. तीही तेव्हा नवी नवरीच होती. दिराला भाऊजी म्हणायचं तिच्या तोंडी कधी बसलंच नाही. ती त्याला बापू म्हणायची आणि तो तिला वयनी. बापू शाळेत हुशार निघाला. नागपूरला जाऊन रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाला. त्याच्या सरांनी त्याला आपल्याजवळ संशोधनाला ठेवून घ्यायचं म्हटलं होतं, पण तो वाशीमच्या एका हायस्कुलात मास्तर होऊन आला. घराजवळ राहतो म्हणाला. कस्तुराबाईनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती.

सत्तावन्न साली चैत्रात ती त्याच्यासाठी कुरड्या आणि कैरीचं लोणचं घेऊन उकंडरावासोबत वाशीमला आली. परतताना रामकिसनच्या दुकानातून भरलेली बॅटरी दमणीत घेतली. मागच्या खेपेला ती कलंडून आतल्या तेजाबानं, म्हणजे आम्लानं, सरकीचं पोतं जाळलं होतं, म्हणून या वेळी कस्तुराबाईनं ती आपल्या दोन्ही गुडघ्यांत धरली. गावाच्या अलीकडच्या नाल्यात उतरताना एक बैल बिचकला. चाक दगडावर चढलं आणि बॅटरी तिच्या अंगावर आली. ती सावरायला कस्तुराबाई वाकली, आणि तेवढ्यात एक बूच निघालं.

अकोल्याच्या दवाखान्यात तिला आत नेल्यावर दोघे भाऊ व्हरांड्यात बसून राहिले. उकंडरावाच्या उपरण्याला भोकं पडली होती. ते त्यानं तसंच खांद्यावर टाकलं होतं.

"दादा, दमणीत पानी नव्हतं का?" इंद्रभाननं विचारलं.

"होतं ना. छागल भरून होती."

"मंग?"

"भाजल्यावर पानी नाई लावत, फोड येते. मी उपरण्यानं पुसलं. चांगलं घासून पुसलं."

इंद्रभाननं उपरण्याच्या भोकांकडे पाहिलं. उकंडराव त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"काहून रे? पानी टाकाले पाह्यजे होतं?"

त्या वेळी नाही म्हणून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं इंद्रभानला पुढे कितीदा तरी वाटलं. पण त्याला खोटं वेळेवर सुचलं नाही.  उकंडरावानं उपरणं खांद्यावरून काढलं, त्याची घडी केली, आणि घडीवर दोन्ही हात ठेवून बसला.

उजवा डोळा गेला. डावा राहिला, पण त्यावर धुकं आलं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघा भावांना समोर उभं करून सांगितलं, की राहिलेल्या डोळ्यावर आतून दाब वाढू शकतो. "दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं, कपाळ दुखायला लागलं, की त्याच दिवशी गाडीत बसवून इकडे आणा. थोडी वाट पाहू, असं करू नका."

उकंडराव बायकोला अनसिंगला घेऊन गेला नाही. वाशीमला इंद्रभानच्या दोन खोल्यांत तिला सोडलं. तिथून रेल्वे जवळ होती, डोळ्यात औषध घालायला जाणता माणूस होता. निघताना तो दारात थांबला. "तुया भरोशावर ठेवतो, बापा. मले यातलं कायी समजत नाई."

कस्तुराबाई वाशीमला राहू लागली. एका डोळ्याच्या धुक्यातून ती स्वयंपाक करायची, अंगण झाडायची, शेजारणीला निवडायला तूर द्यायची आणि त्या बदल्यात तिची फाटकी लुगडी शिवून द्यायची म्हणायची. मग सुई ओवता आली नाही की हसायची. इंद्रभान रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यात थेंब घालायचा. तिचं डोकं मांडीवर घेऊन पापणी वर करताना त्याला गालापासून गळ्यापर्यंतची ती गुळगुळीत, ओढलेली कातडी दिसायची. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायची. बॅटरीत तेजाब असतं म्हणून ती चालते. पण ते पातळ कशाला पाहिजे? सांडण्यासारखं कशाला पाहिजे?

याचं अर्धं उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. नागपूरला सरांच्या हाताखाली त्यानं रेझिन तयार केलं होतं. रेझिन म्हणजे राळेसारखा कृत्रिम पदार्थ. त्याचे बारीक दाणे खारं पाणी गोडं करायला वापरत. त्या दाण्यांमध्ये आम्ल जखडलेलं असतं. हाताला लागत नाही, पाण्यात उतरत नाही, तरी असतं. दिवाळीच्या सुटीत तो सरांना भेटायला गेला, तेव्हा त्यांनी एका विलायती मासिकातला लहानसा मजकूर त्याच्यापुढे ठेवला. अमेरिकेत कोणीतरी त्याच जातीच्या रेझिनची पातळ चादर केली होती. चादरीच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, मध्ये पातळ आम्ल नाहीच. आणि वीज निघत होती. मागे उरत होतं फक्त पाणी.

इंद्रभाननं तो मजकूर उभ्याउभ्याच पुन्हा वाचला.

"सर, हे मी करून पाहतो."

"वाशीमला?" सर म्हणाले. "कशानं करशील?"

तरी त्यांनी कपाटातून प्लॅटिनमच्या जाळीच्या दोन चकत्या काढून दिल्या. रुपयाहून लहान. कधीतरी परदेशातून आणलेल्या. "याच्याशिवाय हायड्रोजन जागचा हलणार नाही," ते म्हणाले. "आणि यापेक्षा जास्त माझ्याजवळ नाही."

हेडमास्तर भले होते. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा वापरायला त्यांची ना नव्हती. फक्त वास सकाळपर्यंत मुलींच्या वर्गात राहू नये एवढंच त्यांचं म्हणणं. इंद्रभान फिनॉल आणि तीव्र गंधकाम्ल एकत्र तापवायचा, निवलं की त्यात फॉर्मॅलिन घालायचा, आणि तो लालसर पाक काचेवर ताणलेल्या मलमलीवर ओतायचा. मग वरून दुसरी काच ठेवून मंद ऊब द्यायची. पाक आळायचा, काळपट तपकिरी व्हायचा, ओल्या कातड्यासारखा दिसायचा. मग धुवायचं. पाणी बदलून बदलून धुवायचं, लिटमसचा निळा कागद पाण्यात बुडवून निळाच राहीपर्यंत. म्हणजे सुटं आम्ल सगळं गेलं. जे उरलं ते चादरीला बांधलेलं.

तिथवर सगळं नीट व्हायचं. पुढे मात्र चादर वाळायला लागायची. वाळली की आक्रसायची, आक्रसली की तडकायची. पाण्यात ठेवली तर फुगायची, कडा वर व्हायच्या. माघात केलेल्या चादरी तडकल्या, फाल्गुनात केलेल्या तडकल्या. वैशाखात तर काचेवरून काढता काढताच हातात तुकडे यायचे. मलमल बदलली, पाक पातळ केला, ऊब कमी केली. शाळेची झाडलोट करणारी धुरपताबाई रोज त्या तुकड्यांचं सूप भरून बाहेर टाकायची आणि हे कायचं मातेरं आहे म्हणून विचारायची.

घरी भाकरी करताना कस्तुराबाईही विचारायची. एकदा तो चुलीजवळ बसून तिला सांगू लागला.

"वयनी, तेजाबात दोन जन असतेत. एक जड, एक हलका. जडाले मी चादरीले बांधून टाकतो. तो जागचा हलत नाई. हलका तेवढा चालते, पान्याच्या आधारानं. विहीर खोदतानी बाया घमेलं एकीच्या हातून दुसरीच्या हाती देतेत ना? बाया जागच्या जागी अन् घमेलं वर येते. तसंच हे. त्यानं वीज होते."

"अन् सांडलं तं?"

"सांडाले त्यात पातळ कायीच नाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "म्हंजे त्या नाल्यात..."

"त्या नाल्यात कायीच झालं नसतं."

"पन झालं ना बापू," ती म्हणाली आणि भाकरी उलथली.

त्या वर्षी पावसाळा चांगला लागला. हवा ओली झाली आणि चादरी तडकायच्या थांबल्या. आषाढातल्या चादरीला एकच भेग होती, श्रावणातलीला कडेला थोडी. इंद्रभानच्या ध्यानात आलं, की आपली चूक पाकात नव्हतीच. चादरीला सदा ओल हवी होती. बांधलेलं आम्ल ओलीशिवाय मुकं होतं, आणि वाशीमची हवा वर्षातले आठ महिने ती ओल शोषून घेत होती. आता वायू पाण्यातून बुडबुडे करून सोडायचे, चादर दोन्ही बाजूंनी दमट ठेवायची, आणि हे सगळं पावसाळा संपायच्या आत जमवायचं. एकदा ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुन्हा वर्षभर थांबावं लागेल. त्याला रस्त्यानं चालताना हेच दिसायचं. पोरं उत्तरपत्रिका घेऊन मागे यायची आणि त्याला ऐकू जायचं नाही.

भादव्यात एका संध्याकाळी तो घरी आला तो हसतच. एक अख्खी चादर आळली होती, भेग नाही की फुगवटा नाही. तो हे सांगत असताना कस्तुराबाई कंदिलाकडे पाहत बसली होती.

"बापू, कंदिलाले रंग आले रे."

"कसले रंग?"

"गोल. चंद्राले खळं पडते ना, तसं. हिरवं, तांबडं."

त्यानं ऐकलं. त्याला समजलंही. अकोल्याच्या डॉक्टरांचा शब्द न् शब्द त्याच्या ध्यानात होता. तो तिच्याजवळ बसला.

"कपाळ दुखते का, वयनी?"

"नाई, येवढं नाई." ती त्याच्या आवाजाकडे वळली. "तुयं काम चाललं ना चांगलं? होऊ दे आधी. मंग जाऊ."

"एवढा आठवडा जाऊ दे. चादर धुवून झाली की लगेच गाडी पकडू."

"हव."

आठवडा गेला. चादर जाळ्यांच्या मध्ये बसवली, पण एका बाजूनं वायू गळत होता. मेण लावलं, रबर कापून लावलं. तो रोज घरी आल्यावर विचारायचा आणि ती रोज म्हणायची, आज बरं आहे. तिचा कपाळावरचा हात त्याला दिसत होता. दुपारची ती अंधाऱ्या खोलीत पडून राहते असं शेजारीण एकदा म्हणाली. पण कस्तुराबाई बरं म्हणत होती आणि त्यालाही तेच ऐकायचं होतं. पितृपक्ष संपला, नवरात्र बसलं. आभाळ मोकळं व्हायला लागलं तसा तो जास्तच घाईला आला.

दसऱ्याच्या सकाळी तो उठून बाहेर आला. कस्तुराबाई उंबऱ्यात बसली होती. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं आणि ती त्या उन्हाकडे तोंड करून पापणीही न हलवता बसली होती.

"बापू," ती म्हणाली, "दिवस उगवला का?"

त्यानं तिला तशीच उचलून टांग्यात घातलं. वाशीमच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता. ती बाकावर बसून एकसारखी ओकत होती, आणि ओकणं थांबलं की त्यालाच म्हणायची, "तू घाबरू नको." अकोल्याला तेच डॉक्टर होते. त्यांनी डोळा दाबून पाहिला, दिवा धरून पाहिला.

"केव्हापासून त्रास आहे?"

इंद्रभाननं तोंड उघडायच्या आत कस्तुराबाई म्हणाली, "कालपासून."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ते रागावले नाहीत. हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि म्हणाले, "दुखणं थांबवता येईल. नजर नाही."

निरोप मिळताच उकंडराव आला. पुन्हा तोच व्हरांडा, तोच बाक. कस्तुराबाई आत गुंगीत झोपली होती.

"ते कालपासून म्हनते," उकंडराव म्हणाला. "खरं हाय?"

"नाई दादा. भादव्यापासून."

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग आनलं काहून नाई?"

इंद्रभाननं सांगायचा प्रयत्न केला. चादर, ओल, पावसाळा. सांगताना त्याला ते शब्द आपल्याच तोंडात परके वाटू लागले आणि तो मध्येच थांबला.

उकंडराव आवाज न चढवता बोलला. "मले पान्याचं मालूम नव्हतं रे. तुले मालूम होतं."

चार माणसं ऐकतील असं तो काहीच बोलला नाही. कस्तुराबाईला घेऊन तो सरळ अनसिंगला गेला. वाशीमच्या खोलीतला तिचा डबा, लुगडी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण न्यायला दुसऱ्या दिवशी गडी आला.

माणसानं अशा वेळी काम सोडून द्यावं. इंद्रभाननं ते सोडलं नाही. सोडलं तर तिचा डोळा फुकटच गेला असं होईल, असं त्याला वाटत होतं. आणि तडीस नेलं तर काय होईल, याचा विचार तो करत नव्हता. शाळा सुटली की तो प्रयोगशाळेचं दार लावून घ्यायचा. थंडी पडली. जाळ्यांत बसवलेली चादर त्यानं ओल्या फडक्यांनी दमट ठेवली होती. रबराची गळती थांबली. पौषात एका दुपारी हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी पाण्यातून सोडल्यावर गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला, आणि तो परत शून्यावर आला नाही. इंद्रभान घड्याळ न पाहता समोर बसून राहिला. काटा तिथंच होता. जाळीच्या कडेला बारीक दव धरलं होतं. त्यानं ते बोटानं टिपलं आणि जिभेला लावलं. पाणी होतं, बेचव.

त्याला आनंद झाला. तो झाला याची त्याला लाज वाटली, पण झाला.

शनिवारी त्यानं सगळं एका खोक्यात भरलं. पोरांच्या फुटबॉलच्या दोन ब्लॅडरांत वायू भरून घेतले आणि प्रवासी मोटारीनं अनसिंगला गेला. त्या मोटारीत खोकं मांडीवर धरून बसताना त्याला कोणाला तरी म्हणावंसं वाटलं, की कितीही हिसके बसू द्या, यातून काही सांडणार नाही.

कस्तुराबाई अंगणात बाजेवर बसली होती. पावलांवरून तिनं ओळखलं. "बापू आला का? वाळला असशीन." ती हातानं त्याचं तोंड चाचपू लागली. उकंडराव गोठ्यात होता. तो बाहेर आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

इंद्रभाननं बाजेशेजारी स्टूल मांडलं, नळ्या जोडल्या, ब्लॅडर हळूहळू दाबले. काटा सरकला.

"वयनी, झालं पाय! चाललं!"

"हव का?" ती त्या दिशेनं तोंड करून हसली. मग तिनं कान दिला. "आवाज येते का त्याचा?"

"नाई. आवाज नसते."

"मंग कसं समजते, चालून राह्यलं म्हनून?"

"काटा हलते. इथं."

"हा," ती म्हणाली.

 मग खोक्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेला चादरीचा उरलेला तुकडा त्यानं काढला. "हे पाय, वयनी, हात लावून पाय. हेच ते तेजाब. पन हे भाजत नाई. सांडत नाई. कायीच करत नाई. तू हात लाव."

तेजाब हा शब्द ऐकल्याबरोबर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यानं तुकडा आपल्या गालाला लावला, आपल्या बंद पापणीवर ठेवला, आणि मग ध्यानात आलं की तिला हे दिसत नाही. "मी आपल्या डोयावर ठेवलं पाय, वयनी. कायी होत नाई." त्यानं हलकेच तिचं मनगट धरलं. ती बाजेवर मागे मागे सरकत भिंतीला लागली. तरी तिला त्याला दुखवायचं नव्हतं. "असू दे बापू. चांगलं केलं तू. असू दे."

त्यानं मनगट सोडलं.

उकंडराव खांबापासून हलला. स्टुलाजवळ येऊन वाकून त्यानं काटा पाहिला, जाळी पाहिली.

"यानं रेडिओ चालीन का?"

"या एकानं नाई. असे लय लागतीन, एकापुढं एक."

"मंग कर लय."

"हे जाळी प्लॅटिनमची हाय, दादा. सोन्याहून दुर्मिळ. येवढी कुठून येईन? अन् चादर उन्हाळ्यात राहीन का, हेही मले मालूम नाई."

"म्हंजे नाई."

"नाई."

हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सरांनी चकत्या दिल्या तेव्हाच ठाऊक होतं. मोठ्यानं म्हणण्याची पाळी आज आली होती. उकंडरावानं मान हलवली आणि बैल सोडायला गोठ्यात गेला.

त्याच वर्षी शिमग्याच्या सुमारास चावडीतल्या रेडिओला नवी सुकी बॅटरी आली. पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद, वर बूच नाही, आत काही हलत नाही. संपली की फेकायची आणि दुसरी लावायची. वाशीमला न्यायचं काम उरलं नाही. उकंडरावानं रेडिओची किल्ली आधीच दुसऱ्याच्या हवाली केली होती. रेडिओ लागला की तो शेतातच थांबायचा.

इंद्रभान एकदा नागपूरला सरांकडे जाऊन आला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्याची पाठ थोपटली. मग म्हणाले, की तिकडे ते लोक आता दुसऱ्याच रेझिनवर गेले आहेत. फिनॉलची चादर फार दिवस टिकणारच नाही, ती आतून खाल्ली जाते. "तू चुकलास असं नाही. पण हे एका माणसाचं, एका शाळेतलं काम नाही." चकत्या परत घेताना त्यांनी विचारलं, "घरी सगळे बरे?" तो हो म्हणाला.

चैत्रात चादर तडकली. तो तेव्हा वर्गात होता. संध्याकाळी पाहिलं तर मधोमध भेग गेली होती आणि दोन्ही अर्धे वर वळले होते. दुसरी चादर त्यानं केली नाही. प्रयोगशाळा आवरून दिली. फिनॉलनं त्याच्या बोटांची सालं निघाली होती. ती पुढे भरून आली.

त्याच्यासाठी स्थळं येत होती. त्यानं कोणाला होकार दिला नाही, नकारही नीट दिला नाही, आणि हळूहळू ती यायची थांबली. पोरांना तो पूर्वीसारखाच शिकवायचा. विद्युतघटाचा धडा आला की पुस्तकात होतं तेवढंच सांगायचा.

शनिवारी दुपारची शाळा नसायची. तो मोटारीनं अनसिंगला जायचा. उकंडराव त्याला ये म्हणत नव्हता, येऊ नको म्हणत नव्हता. बोलणं चालायचं ते कस्तुराबाईशी. ती आता घरातलं बरंच काही हातानं करू लागली होती. चूल शेजारची हिरीबाई पेटवून द्यायची, पण डाळ-तांदूळ आपणच निवडणार असा कस्तुराबाईचा हट्ट होता. सूप मांडीवर घेऊन ती बोटांच्या टोकांनी दाणा दाणा चाचपायची आणि बोलत राहायची: बापू लहानपणी माती कशी खायचा, शाळेत जाताना कसा रडायचा. सगळ्या गोष्टी त्याच्या लहानपणच्याच असायच्या. वाशीमच्या दोन खोल्यांबद्दल ती कधी बोलली नाही.

अशाच एका शनिवारी दोघे भाऊ जेवायला बसले. कस्तुराबाईनं चाचपत चाचपत दोन्ही ताटांत वरण वाढलं. वाटीबाहेर थोडं सांडलं.

"डाळ शिजली का रे चांगली?"

"शिजली वयनी."

पहिल्याच घासाला इंद्रभानच्या दाताखाली खडा आला. मोठा होता. त्यानं जबडा जागीच थांबवला, म्हणजे आवाज होऊ नये. कस्तुराबाई समोर बसून कान देऊन होती. उकंडरावानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यानं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. मग त्यानं आपल्या तोंडातलं काहीतरी न चावता, पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं आणि पुढचा घास घेतला.

इंद्रभाननंही खडा गिळला.

"अजून वाढू का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"वाढ," उकंडराव म्हणाला.